परत कुरळे केले नाहीत, उगवले

परवा रात्री भाचीचा फोन आला. कराडला असते, बारावीत आहे. गेल्या मे महिन्यात काकाच्या लग्नाला म्हणून हट्ट करून स्मूदनिंग, म्हणजे औषध लावून केस सरळ, करून घेतलेलं तिनं, आणि आता मुळाशी तीन-साडेतीन इंच कुरळे आलेत आणि खाली सगळं सरळ, आणि न्हाऊन आली की मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका. रडवेली झालेली. म्हणाली, "मावशी, तू परत कुरळे करायला कुठली ट्रीटमेंट केलेलीस गं? नाव पाठव ना, मम्मी पैसे देते म्हणाली."

मी म्हटलं, "अगं ट्रीटमेंट नव्हतीच. उगवले ते."

मग बराच वेळ ती काहीच बोलली नाही. फोनवर अर्धवट सांगितलं, नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सगळं लिहून काढतेय, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या ज्या कुणी असतील त्यांच्यासाठी पण.

माझे केस लहानपणापासून दाट कुरळे. घरात बाकी कुणाचेच नाहीत असं तेव्हा सगळ्यांना वाटायचं. आईचे सरळ, ताईचे सरळ, आज्जीचे पांढरे झाले तरी सरळ. त्यामुळे माझ्या केसांचं करायचं काय हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि आता विचार केला की आईचा राग येत नाही, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. रविवारी शिकेकाईनं न्हाऊ घालायची, केस उन्हात खडखडीत वाळवायची आणि मग मला दोन गुडघ्यांत दाबून बसवून बारीक दाताचा कंगवा घेऊन वरून खाली विंचरायची. कोरडे कुरळे केस, वरून खाली, बारीक कंगवा. तो केस तुटल्याचा कटकट आवाज अजून माझ्या कानात आहे. मी ओरडायचे, ती पाठीत एक धपाटा घालायची आणि आज्जी पलीकडून म्हणायची, "नीट विंचर पोरीला, गुंता ठेवू नगं, जट धरंल."

ही जटेची भीती बाहेरच्यांना कळायची नाही कदाचित. आमच्याकडे केसांत जट झाली की ती देवीची म्हणायचे, कापायची नाही, उलट हळदकुंकू लावायचं. आज्जीच्या माहेरी एका बाईनं मानेवर तसलं ओझं वर्षानुवर्षं वागवलं. आज्जी म्हणायची, तिला कुशीवर झोपता यायचं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचेच, आणि त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, अंनिसच्या, कार्यकर्त्यांनी कितीतरी बायकांच्या घरी जाऊन, चार-चार वेळा समजूत घालून, कात्रीनं त्या जटा सोडवल्यात. जट म्हणजे गुंता, दुसरं काही नाही, हे आज्जीला पटलेलंसुद्धा होतं, पण मनातली भीती जात नव्हती. आणि ती सगळी भीती माझ्या डोक्यावर यायची, दर रविवारी, त्या कंगव्यातून.

शाळेत 'झिपरी' म्हणायचे. त्यावर जास्त लिहीत नाही, ज्यांना म्हटलंय त्यांना माहितीय.

२०१२ ला, एकोणीस वर्षांची असताना, गॅदरिंगच्या आधी पहिलं रीबाँडिंग केलं, म्हणजे औषध आणि इस्त्रीनं केस सरळ करून घेतले. साडेतीन हजार रुपये, दोन वर्षं साठवलेले. पाच तास त्या खुर्चीत बसले होते. क्रीमचा वास असा की डोळ्यांतून पाणी, थोडा अमोनियाचा थोडा सडक्या अंड्याचा, मग धुणं, मग वाळवणं, मग एकेक पातळ बट घेऊन इस्त्री, मग दुसरं औषध, परत धुणं. नंतर तीन दिवस केसांना पाणी नाही, क्लिप नाही, कानामागे केस सारायचे पण नाहीत, झोपायचं ते पण उताणं. डाव्या कानामागे भाजलं होतं, तिथे खपली धरली, पार्लरवाली म्हणाली होतं असं कुणाकुणाला. आणि मी म्हटलं असू दे. कारण चौथ्या दिवशी धुतल्यावर केसांतून हात सरळ खाली गेला, कुठेच अडकला नाही, आणि मी आरशासमोर उभी राहून कितीतरी वेळ नुसता हातच फिरवत होते. तो आनंद खोटा नव्हता. म्हणून भाचीला मी "कशाला केलंस" असं एका शब्दानं म्हणाले नाही.

तिथून पुढे आठ वर्षं. दर आठ-दहा महिन्यांनी मुळांचं टचअप, म्हणजे नवे आलेले केस परत सरळ. साताऱ्याचा पाऊस माहितीय ना, जूनच्या मध्यापासून जे धुकं आणि भुरभूर चालू होते, त्यात मुळाशी आलेले केस फुगायचे आणि खालचे चिकटून बसायचे, आणि मी जुलै लागायच्या आत पार्लर गाठायचे. पगार सुरू झाल्यावर तर विचारच करायचे नाही, पाच हजार, सहा हजार, एकदा सात. केस हळूहळू निम्मे झाले. रबरबँडचे आधी दोन वेढे बसायचे, मग चार बसायला लागले. टोकाला दोन-दोन तोंडं फुटलेली.

आता हे जरा समजून घे, कारण मला हे आठ वर्षांनी कळलं आणि आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या आत सल्फरचे बंध असतात, दोन कापडं जोडायला मधे टाके घालावेत तसे, आणि केसाचं वळण धरून ठेवण्यात त्या टाक्यांचा मोठा वाटा असतो. रीबाँडिंगच्या पहिल्या क्रीममध्ये बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं, ते हे टाके उसवतं. मग इस्त्रीनं केस सपाट करतात. मग दुसरं औषध, न्यूट्रलायझर म्हणतात, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, ते सपाट झालेल्या जागी नवे टाके घालतं. झालं, आता तो केस तसाच राहणार, आणि डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो त्यामुळे तो आपला आपण काही दुरुस्त होत नाही. पण टाळूच्या आत जिथे केस तयार होतो तिथे वळण तसंच असतं, म्हणून नवा येतो तो कुरळाच. महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर. कुठलंही तेल, कुठलाही मास्क, कुठलंही हजार रुपयाचं सिरम त्या खालच्या सरळ केसाला परत कुरळं करत नाही. वाढवायचं आणि कापायचं, एवढंच आहे.

मी हे ठरवून केलं असंही नाही. शेवटचं टचअप जानेवारी २०२० ला झालं आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. पार्लर बंद, सलून बंद. मे महिन्यापर्यंत माझ्या मुळाशी दीड-दोन इंच आले आणि मी रोज आरशात बघून वैतागायचे, घरी इस्त्री होती ती फिरवायचे.

आणि त्याच वेळी पप्पांचे केस वाढले.

पप्पा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. आमच्या बाजूला घराघरात फौजी आहेत, त्यात नवल काही नाही, पण फौजेत अठ्ठावीस वर्षं आणि नंतरही दर तीन आठवड्यांनी त्याच कटिंगवाल्याकडे जाऊन डोकं अगदी बारीक करून यायची सवय. लग्नाच्या फोटोतसुद्धा टोपी. त्यांचे केस कसे आहेत हे मी जन्मात बघितलं नव्हतं, आईनं पण धड बघितलं नव्हतं. तर मेच्या शेवटी एक दिवस ते न्हाऊन आले, डोकं नुसतं टॉवेलनं टिपलेलं, आणि व्हरांड्यात पेपर घेऊन बसले, आणि मी चहा द्यायला गेले तर त्यांच्या मानेवर, कानाच्या वर, कपाळावर, सगळीकडे बारीक बारीक गोल वळ्या. पांढऱ्या. माझ्यासारख्याच. करंगळीच्या जाडीच्या, शेवटाला बाहेर वळणाऱ्या. मी कप तसाच धरून उभी. म्हटलं, "पप्पा, तुमचे केस कुरळेत?" ते म्हणाले, "हायत की. लहानपणी आईला आवरायचे नाहीत म्हणून गोटाच करून टाकायची. मग फौजेत गेलो."

आज्जी तेव्हा होती. तिला विचारलं तर म्हणाली व्हय, बापाचंच आलंय तुला. सत्तावीस वर्षांची झाले होते मी तेव्हा. सत्तावीस वर्षांत घरात कुणी हे बोललं नव्हतं, लपवून नव्हे, कुणाच्या लक्षातच नव्हतं. मुलाचे केस आवरले नाहीत तर कापून टाकले, मुलीचे कापता येत नाहीत म्हणून विंचरत राहिले, आणि मग मुलीनं स्वतःच औषध लावून सपाट करून घेतले.

त्या दिवशी इस्त्री कपाटात टाकली ती टाकलीच. जूनच्या शेवटी सलून उघडली तेव्हा पप्पा जाऊन परत बारीक करून आले, मला वाईट वाटलं, पण त्यांचं डोकं आहे.

पुढचे सव्वा वर्ष मात्र सोपं गेलं नाही. डोक्यावर दोन जातीचे केस. वरचे कुरळे, जाड, आणि खालचे काडीसारखे, आणि जिथे दोन्ही भेटतात ती रेघ सगळ्यात कच्ची. तिथेच तुटतात. तुझे जे पुंजके निघतायत ना बाळा, एक केस उचलून बघ, टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून गळलेला, नसेल तर मधेच तुटलेला. तुझे बहुतेक तुटतायत.

मला ह्यातलं काही शिकवलं ते अमेरिकेतल्या, नायजेरियातल्या कृष्णवर्णीय बायकांच्या व्हिडिओंनी. 'ट्रान्झिशनिंग', म्हणजे खालचे सरळ केस थोडे थोडे कापत वरचे आपले वाढू देणं, हा शब्द पण त्यांचाच, आणि एकदम सगळं कापून टाकण्याला त्या 'बिग चॉप' म्हणतात. त्यांच्याकडचं केस सरळ करायचं औषध, रिलॅक्सर, आपल्या रीबाँडिंगपेक्षा वेगळं, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड असतं किंवा त्याच्यासारखंच दुसरं काही, पीएच १२ ते १४ पर्यंत, म्हणजे फार जहाल अल्कली. सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोडा, आपण तुंबलेली मोरी मोकळी करायला टाकतो तो. लहान लहान मुलींच्या डोक्याला लावलेलं. आणि त्यांना तर केसांवरून नोकऱ्या नाकारल्या, शाळेतून घरी पाठवलं, इतकं की कॅलिफोर्नियानं २०१९ ला त्याविरुद्ध कायदा केला, क्राउन ॲक्ट. त्यांचं आणि माझं एकच दुःख आहे असं मी म्हणणार नाही, त्यांचं फार मोठं आहे. पण रात्री अकरा वाजता साताऱ्यात गोडोलीतल्या खोलीत मोबाईल उशीला टेकवून मी त्या बायकांकडून स्वतःच्या केसांना हात कसा लावायचा ते शिकले, आणि हे ऋण मला सांगायचं होतं.

तर काय केलं ते सांगते. कोरडे केस विंचरणं कायमचं बंद. न्हायच्या आधी तासभर खोबरेल तेल, आईच्या हातचं चालेल, पण चोळायचं नाही. कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतून आधी बोटं, मग मोठ्या दाताचा कंगवा, आणि टोकाकडून सुरुवात, हळूहळू वर. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, पप्पांचा जुना बनियन घेतलेला मी, त्यात केस गोळा करून नुसते दाबायचे. रात्री दोन सैल वेण्या घालून झोपायचं, म्हणजे सकाळी खालच्या सरळ केसांना पण वेणीची लाट येते आणि वरचं-खालचं इतकं वेगळं दिसत नाही, ऑफिसला जायला हे फार कामाला आलं. उशीचा अभ्रा आईनं तिच्या जुन्या सॅटिनच्या परकराचा शिवून दिला. न विचारता. त्या दिवशी मला कळलं की ती पण बघतेय, शिकतेय.

पाण्याचं पण आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी, नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, त्या पाण्यानं केस राठ व्हायचे. मावशीकडे पेठेत कास तलावाचं पाणी येतं, तिथे न्हायले की फरक लगेच हाताला कळायचा. आज्जीनं त्यावर सांगितलं की आम्ही पावसाळ्यात पागोळ्यांखाली घागर लावून त्या पाण्यानं न्हायचो, पहिले दोन-चार पाऊस जाऊ द्यायचे कौलं धुवायला आणि मग धरायचं. मी बादल्या लावल्या. दोन पावसाळे शेवटचं पाणी पागोळ्यांचं घेतलं.

आणि जवस. ह्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. बाजारातलं जेल पाचशे-सहाशेला मिळतं, आणि आपल्या घरात चटणीचे जवस डब्यात असतात. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर, चमचा हलवत राहायचं, नाहीतर बुडाला लागतं. सात-आठ मिनिटांत पाणी दाटायला लागतं, चमचा वर उचलला की भेंडी चिरताना सुटते तशी तार सुटते. त्या क्षणी गॅस बंद, आणि गरम असतानाच पातळ सुती कापडातून पिळून घ्यायचं. थांबलीस तर गार होऊन असं घट्ट बसतं की गाळता येत नाही, पहिल्यांदा माझं तसंच झालं. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. केस ठिबकत असतानाच हातावर घेऊन खालून वर मुठीत दाबत लावायचं, आणि मग वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक होतात, घाबरू नकोस, मग मुठीनं हलकं चुरलं की मोकळे होतात.

दर दोन महिन्यांनी टोकं कापत गेले, इंचभर. एकदम का नाही कापले? धाडस नव्हतं. आणि स्थळं बघणं चालू होतं. मध्यस्थ काकू घरी येऊन आईला म्हणाल्या, "फोटोपुरते तरी सरळ करून घ्या वहिनी, मुलाकडच्यांना असलं चालत नाही." आई माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोलायच्या आत पप्पाच आतून म्हणाले, "माझ्यासारखेच आहेत ते." एवढंच. काकू गप्प बसल्या. फोटो वेणी घालून काढला, कपाळावर वळ्या जशा येतात तशा येऊ दिल्या.

भाचीच्या आईसाठी, म्हणजे ताई तुझ्यासाठी, हे पण लिहिते. केराटिन ट्रीटमेंट वेगळी आणि सेफ असं पार्लरमध्ये सांगतात. त्यातल्या बऱ्याच औषधांतून गरम इस्त्री लागली की फॉर्मॅल्डिहाइडची वाफ निघते, आणि फॉर्मॅल्डिहाइडमुळे माणसाला कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ लाच ठरवलंय. २०२२ ला अमेरिकेत ३३,४९७ बायकांचा अभ्यास छापून आला. केस सरळ करायची औषधं न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण १.६४ टक्के, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. ह्याचा अर्थ एकदा स्मूदनिंग केलं म्हणून पोरीला काही होईल असा नाही, आणि त्यानंच कॅन्सर होतो असं सिद्ध झालंय असंही नाही, उगाच रात्रभर जागू नकोस. पण पुढचं टचअप करू नको हे मी ह्यावर नक्की म्हणेन.

ऑक्टोबर २०२१ ला शेवटचे सरळ केस कापले. एकवीस महिने झाले होते. कुरळा केस ताणून मोजला तर तेवीस सेंटीमीटर, सोडला की हनुवटीच्या वर. कापणारी मुलगी नवीन होती, घाबरत होती, मीच बोट धरून दाखवलं की ही रेघ, इथून. केस खाली पडले त्याचा काही आवाज आला नाही. मान एकदम हलकी, वारं लागत होतं मानेला.

ते कापलेले केस मी घरी आणले, का आणले माहीत नाही. आईनं पिशवीत घालून खुंटीला अडकवून ठेवले, आणि दिवाळीनंतर केसावर भांडी देणारी बाई दारावरून ओरडत गेली तेव्हा तिला हाक मारली. तिनं पिशवीतून बट काढली, अंगठा आणि बोटात धरून वरून खाली ओढली, परत खालून वर ओढली, आणि म्हणाली, "औषध मारल्यालं हाय. ह्याला भाव न्हाई." आई म्हणाली लांब आहेत की एवढे. ती म्हणाली लांब असून काय करू, मोडत्यात. शेवटी दोन स्टीलच्या वाट्या दिल्या तिनं. वर पाव वाटी जवस सांगितलेत ना, ते मी त्यातल्याच एका वाटीनं मोजते.

तर भाचे, तुझे आत्ता तीन-साडेतीन इंच आलेत म्हणजे सुरुवात झालेली आहे. शनिवारी एसटीनं ये. येताना डोकं धुऊन येऊ नकोस, तेल लावून ये, आणि तो बारीक कंगवा घरीच ठेव. जवस मी आणून ठेवते. आजोबा विचारत होते तुझे केस कुठवर आले म्हणून.